बिनपायडलचा पोपट

मला पायडलं नाहीत. साखळी नाही, घंटी नाही, ब्रेकही नाहीत. दोन चाकं, एक सीट, एक हँडल आणि त्यांना धरून ठेवणारी पोपटी रंगाची लोखंडी नळी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, कीव करायची असेल तर आत्ताच करून घ्या. माझी हकीकत एकदा सुरू झाली की मग किवेला जागा उरणार नाही.

मी लहान मुलांची सायकल आहे. दोन-अडीच वर्षांचं मूल माझ्यावर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकवतं आणि पायांनीच ढकलत मला पुढे नेतं. तोल सांभाळता आला की ते आपोआप पाय उचलतं, आणि मग आम्ही दोघं सुटतो. शहरात मला बॅलन्स बाइक म्हणतात. आमच्या धारकोंड वाडीत मला काय काय म्हणाले, ते पुढे येईलच.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझ्यासारख्यांचे नट आवळायची. शेवटचा नट आवळला की ती चाकाला एक टिचकी द्यायची आणि डोळे मिटून ऐकायची. चाक कुरकुरलं नाही की पुढची सायकल ओढायची. शेजारच्या टेबलांवर पायडलांच्या पेट्याच्या पेट्या येत. आमच्या टेबलाकडे एकही आली नाही. कुणी विसरलं नव्हतं. आम्हाला ती नकोच होती.

हे एवढं साधं कारण लोकांना पटवता पटवता माझी अर्धी जिंदगी गेली.

माणगावात हायवेला लागून एक सायकलींचं दुकान आहे. त्याच्या छताच्या हुकाला मी वर्षभर टांगलेली होते. गिऱ्हाइकं खालून वर बघत आणि विचारत, "शेठ, हिची पायडलं पडली काय?" शेठ सुरुवातीला नीट समजावून सांगत. पुढे पुढे नुसतंच "तशीच असते ती" म्हणू लागले. शेवटी तेही थांबलं. ट्रकांची धूळ माझ्यावर थरावर थर बसत गेली. एक दिवस शेठ कंपनीच्या माणसाला म्हणाले, "हा माल परत घेऊन जा. आमच्याकडे अर्धवट वस्तू खपत न्हाय." मी तेव्हाच मनाशी ठरवलं, परत जायचं नाही. इथूनच कुणाच्या तरी घरी जायचं आणि अर्धवट कोण ते दाखवायचं.

डिसेंबरात कमळ आली. धारकोंड ही बोर्ली पंचतनच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी वसलेली तीस घरांची वाडी. तिथली ही कमळ छप्पन वर्षांची, अंगाने काटक. भाताची लावणी करून करून तिचे हात दोरखंडासारखे झालेले. बरोबर तिचा मुलगा परेश होता. तो माणगावजवळच्याच एका कारखान्यात कामाला होता. आणि कमळच्या कडेवर होती तिची नात आरोही, चार दिवसांनी दोन वर्षांची होणारी.

वाढदिवसाची भेट परेशने आधीच ठरवून ठेवली होती. दिवे लागणारी, गाणी म्हणणारी तीनचाकी. त्याने आरोहीला तिच्यावर बसवलं आणि बटण दाबलं. गाणं एवढ्या जोरात वाजलं की पोरगी दचकली आणि तिने भोकाडच पसरलं. तिला गप्प करायला शेठनी हाताला लागलं ते हुकावरून खाली काढलं. ती मी होते.

आरोहीने रडता रडताच माझं हँडल धरलं. कुणी न शिकवता टांग टाकून बसली. तिचे दोन्ही तळवे जमिनीला पुरेपूर टेकले. तिने एक पाय मारला, मग दुसरा. ट्यूबांच्या ढिगाशेजारून आम्ही दोघी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलो, तेव्हा कमळने धावत येऊन मला सीटला धरलं. पण तिने पोरीला उचललं नाही. ती तिच्या पायांकडे बघत राहिली.

"हीच पायजे," ती म्हणाली.

"आई, अगं अर्धी सायकल हाय ती," परेश म्हणाला.

"अर्धी कशी? पोरीला दोन पाय हायत ना? मग झाली पुरी."

परेश वाद घालत राहिला. कमळने माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला उचलून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. परेशला शेठकडे पैसे द्यायला जाण्यावाचून काही उरलं नाही.

धारकोंडात वाढदिवस खळ्यातच झाला. भाताची मळणी आटोपली होती, खळं छान सारवलेलं होतं. केक कापला, पोरांना वाटला आणि मग मला पुढे आणलं. शेजारणी आधी एकमेकींकडे बघू लागल्या, मग हसायलाच लागल्या. आमच्याकडे कुणी फसलं की त्याचा पोपट झाला असं म्हणतात, आणि माझा रंग त्यांना आयताच मिळाला.

"बिनपायडलची सायकल! कमळीचा पोपट झाला गं!"

तेवढं आरोहीने ऐकलं. तिला वाटलं हे माझं नाव. ती माझ्याभोवती उड्या मारत "पोपट, पोपट" करू लागली. लोकांनी थट्टेने दिलेलं नाव पोरीने मायेने घेतलं, आणि ते मला कायमचं चिकटलं. मला त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात परेशने बाजूला लावायची दोन छोटी चाकं आणली. "निदान हिला आधार तरी लावू," तो म्हणाला. ती चाकं कमळने घेतली आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरचं झाकण उडू नये म्हणून वजनाला ठेवली. अजून तिथेच आहेत.

महिनाभर आम्ही दोघींनी खळं पालथं घातलं. आरोही आधी माझ्यावर बसून नुसती चालायची. मग ती धावू लागली. मग एका सकाळी ती खळ्याच्या तोंडाशी, जिथे जमीन गल्लीकडे उतरते तिथे आली आणि तिने दोन्ही पाय उचलले. मित्रांनो, तो क्षण मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पाच-सहा हात आम्ही उडतच गेलो! आणि समोरच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळलो.

हनुवटी फुटली. बोर्लीला नेऊन दोन टाके घालावे लागले.

आता घरातल्या कर्त्या पुरुषाची ओळख करून देते. कमळचा नवरा रामचंद्र तीस वर्षं मुंबईच्या गोदीत राखणदार होता. नोकरी संपवून गावी आला होता. माणूस वाईट नव्हता. नातीवर तर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच तो घाबरला. बोर्लीहून परत आल्याबरोबर त्याने मला उचललं आणि पडवीतल्या सगळ्यात उंच खुंटीला अडकवलं.

"बिनब्रेकची वस्तू या घरात चालनार न्हाय," तो म्हणाला.

आठ दिवस मी तिथे होते. आरोही हनुवटीला पट्टी लावून खाली उभी राहायची आणि हात वर करून म्हणायची, "पोपट दे." कुणी देत नव्हतं. नवव्या दिवशी कमळने भिंतीशी असलेलं उखळ खुंटीखाली सरकवलं, त्यावर चढली आणि मला खाली काढलं. तेवढ्यात रामचंद्र मागच्या दारातून आत आला.

"काय करतेस? पुन्हा पडली म्हंजे?"

"पडंल. पडायचं वय हाय तिचं."

"आणि हातपाय मोडले तर?"

कमळ उखळावरून उतरली. मला जमिनीवर ठेवलं, पण हँडल सोडलं नाही.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच माझे बाबा बोलले होते. मी सातवी झाले तवा बोर्लीची शाळा पाच किलोमीटर होती. सायकल घेतली ती दादासाठी. मी मागितली तर म्हनाले, पडलीस, हातपाय मोडले, तर तुला करील कोन? मी एक पावसाळा चालत गेले. दुसऱ्या पावसाळ्यात घरी बसले. तवापासून बाजाराला जायचं तर एस.टी.ची वाट बघते, न्हायतर पोराच्या गाडीवर मागं बसते. माझे हातपाय शाबूत हायत, बघा. एकदम शाबूत. काय केलं मी त्यांचं?"

दाराशी सून उभी होती. तिच्यासमोर बायको आवाज चढवून बोलली, ते रामचंद्रला लागलं. तो म्हणाला, "एवढी हौस हाय तर तूच चालवून दाखव की सायकल!"

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं होतं.

"दाखवीन," कमळ म्हणाली.

ती सून म्हणजे परेशची बायको, आरोहीची आई कल्पिता. घरात फारसं न बोलणारी मुलगी. ती हळूच म्हणाली, "आई, माझी कॉलेजातली लेडीज सायकल माहेरी पडलीय. आणू?"

रामचंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला.

सायकल आली. टायरांत हवा भरली. परेशने हसत हसत मागून कॅरियर धरलं आणि कमळ पायडलवर पाय ठेवून बसली. तीन दिवस हा खेळ चालला. परेशने हात सोडला की कमळ आडवी. एकदा शेणाच्या पाटीत, एकदा वालाच्या मळ्यात. गुडघा सोलला, बांगड्या फुटल्या. तिसऱ्या दिवशी तिने सायकल ढकलून दिली आणि पायरीवर बसून राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण राग एवढा होता की शेजारणीही गडग्यावरून खाली उतरल्या.

खळ्यात तेव्हा आम्ही दोघी होतो, आरोही आणि मी. ती पाय मारत होती, पाय उचलत होती, तोल गेला की पुन्हा टेकवत होती. कमळ बघत बसली होती. बराच वेळ बघितल्यावर ती एकदम उठली.

"कल्पिता, हिची पायडलं काढ."

"काय?"

"काढ म्हंते ना. आणि सीट खाली घे. माझे पाय भुईला लागले पायजेत."

कल्पिताने पाना आणला. उजवं पायडल निघालं. डावं काही केल्या निघेना. तिने बोर्लीच्या सायकलवाल्या गणराजला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, "वहिनी, डाव्याचे आटे उलटे असतात! घड्याळाच्या काट्यासारखं फिरवा, निघेल." फिरवलं, निघालं.

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या खळ्यात बिनपायडलच्या दोन सायकली उभ्या होत्या. एक माझ्यासारखी जन्माची, दुसरी कमळने केलेली. ज्यांनी ज्यांनी मला अर्धवट म्हटलं होतं त्या सगळ्यांना बोलावून ते दाखवावं असं मला फार वाटलं.

बोलवावं लागलं नाही. गाव आपणहून आलं. साडीचा काचा मारलेली एक बाई आपल्या दोन वर्षांच्या नातीच्या मागोमाग सायकलीवर बसून पायांनी भुई ढकलत गोल फिरते आहे, हे बघायला गडग्यावर जागा पुरेना. वरच्या आळीतला दिपेश जाता जाता ओरडला, "काकू, पायडलं विसरलात काय?"

"न्हाय, डब्यात ठेवलीत," कमळ न थांबता म्हणाली. "तुला हवीत काय?"

खरी शिक्षिका आरोहीच होती. ती कधी चाकाकडे बघायची नाही, पुढे बघायची. कमळही पुढे बघायला शिकली. घाबरलं की आरोही पाय टेकवायची, रडत बसायची नाही. कमळनेही तेच केलं. पंधरा दिवसांत तिचे पाय आधी दोन हात, मग दहा हात, मग खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अधांतरी राहू लागले. एका सकाळी तिने स्वतःच डबा उघडला आणि पायडलं कल्पिताच्या हातात दिली. त्या दिवशी ती खळ्यात सात फेऱ्या मारून आली, एकदाही न टेकता.

रामचंद्रने खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "खळ्यात काय फिरायचं ते फिर. रस्त्यावर मात्र न्यायची न्हाय. लोकं मला हसतील."

"लोकं हसायच्या आधी मला इचारत न्हायत," कमळ म्हणाली.

पण ती रस्त्यावर गेली नाही. आता खोटं कशाला बोलू? रोज कामं आटोपली की ती गल्लीच्या तोंडापर्यंत सायकल आणायची, एक पाय टेकवून डांबरी रस्त्याकडे बघायची आणि वळायची. रामचंद्र तिथे नसायचा. कुणीही नसायचं. ती भीती तिची स्वतःची होती. इतक्या वर्षांची. ती काही पाना लावून निघणारी नव्हती.

असे दोन पावसाळे गेले.

आरोही साडेचार वर्षांची झाली. तिचे गुडघे माझ्या हँडलला लागू लागले. परेशने तिला मोठी सायकल आणली, पायडलवाली. पोरगी बसली आणि गेली! आधाराची चाकं नाहीत, मागून कुणी धरलेलं नाही, काही नाही. परेश तोंड उघडं टाकून बघत राहिला. ते शिक्षण माझं होतं. पण मला कुणी विचारलं नाही. मला पडवीमागे टेकवून ठेवलं.

मग माझ्यावर खताच्या रिकाम्या गोण्या पडल्या. पागोळ्यांचं पाणी नळीवर ठिबकत राहिलं आणि पोपटी रंगातून गंज डोकावू लागला. एक कोंबडी माझ्या सीटखाली अंडी घालू लागली. तिचं मला वाईट वाटलं नाही, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. पण एका उंदराने पुढच्या चाकाचं रबर कुरतडलं, तेव्हा मी फार चिडले. माझी चाकं हवेची नव्हतीच, फुसकन बसणारी नव्हती. पण दाताला काय कळतं?

गणपतीला आठ दिवस होते. पावसाने उघडीप दिली होती. घराघरातून साफसफाई चालली होती. परेशने पडवीमागचं सगळं बाहेर काढलं. भोकं पडलेली घमेली, बंद पडलेला पंखा, पत्र्याचे तुकडे. आणि मी. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत वाडीत आला. परेशने सगळं एकदमच उचलून त्यात टाकलं. तो काही माझा वैरी नव्हता. त्याला दुसऱ्या पाळीला कामावर पोचायचं होतं, एवढंच. टेम्पो हलला तशी त्याची मोटारसायकल माणगावच्या दिशेला गेली आणि टेम्पो बोर्लीच्या दिशेला.

घमेल्यांखाली दबून मी मागचा रस्ता बघत होते. पंख्याचं पातं माझ्या हँडलवर आपटत होतं. भोंगा सारखा ओरडत होता, "लोखंड, पत्रा, प्लॅस्टिक, जुनं-पुराणं!" मित्रांनो, मी रडले नाही. मी जुनी होते, पुराणी होते, पण भंगार नव्हते. भट्टीत गेले असते तरी हे म्हणतच गेले असते.

पुढे काय घडलं त्याचा सुरुवातीचा भाग मला नंतर कळला. कमळ शेतावर तण बेणायला गेली होती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती परत आली तेव्हा आरोही खळ्यात बसून हुंदके देत होती. "माझा पोपट नेला."

कमळने भारा खाली टाकला. रामचंद्र म्हणाला, "जाऊ दे आता. पोर मोठी झाली, तिला काय करायचाय तो?" कल्पिता म्हणाली, "त्याचा फोन नंबरपन न्हाय आपल्याकडं."  कमळने भाऱ्याची दोरी सोडवून खांद्यावर टाकली, कल्पिताची सायकल बाहेर काढली आणि गल्लीच्या तोंडाशी आली. या वेळी तिने पाय टेकवला नाही.

टेम्पो वाटेत दोन वाड्यांवर थांबला म्हणून बरं. खिंडीचा उतार आम्ही उतरलो, आणि मला वरच्या वळणावर एक केशरी ठिपका दिसला. ठिपका मोठा झाला. साडीचा काचा, कोपराला चिखल, केस सुटलेले. कमळ! तिच्या मागून श्रीवर्धनची एस.टी. येत होती आणि हॉर्न वाजवत होती. कमळ खाली उतरली नाही. कडेला गेली ती सरळ रेषेत, घाई न करता, पुढे बघत. एस.टी.चा वेग कमी झाला. गाडी शेजारून जाताना खिडक्या-खिडक्यांतून डोकी बाहेर आली. त्यात धारकोंडची चार तरी होती. जिला रस्त्यावर बघून लोक हसतील म्हणून दोन वर्षं अडवलं होतं, तिला अख्ख्या एस.टी.ने बघितलं. कुणी हसलं नाही. एक बाई तर खिडकीतून ओरडली, "हाण गं कमळे!"

रस्त्याखालच्या ओढ्याच्या मोरीपाशी कुणीतरी रिकामे डबे घेऊन उभं होतं म्हणून टेम्पो थांबला. कमळने दोन्ही ब्रेक दाबले आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्याला हात टेकून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"माझी सायकल दे," ती म्हणाली.

भंगारवाला गोंधळला. "मावशी, ती तर तुमच्या पोरानंच दिली."

"पोराची न्हाय ती. मी घेतलीय. माणगावास्नं."

"अहो, चाक खाल्लंय तिचं उंदरानं. काय करनार घेऊन?"

"तुझ्या टेम्पोचं टायर फुटलं तर टेम्पो भंगारात देतोस काय?"

तो हसला. घमेली बाजूला करून त्याने मला खाली काढलं, आणि कमळने खांद्यावरच्या दोरीने मला कॅरियरला बांधलं तेव्हा एक गाठ त्यानेच मारली.

"आता जाल कशा? चढ हाय. टेम्पोतनं सोडू?"

कमळने मागे खिंडीकडे पाहिलं. मग पुढे पाहिलं. नारळी-पोफळींच्या वर बोर्लीची कौलं दिसत होती.

"एवढी आलेच हाय," ती म्हणाली, "तर बाजार करूनच जाते."

बोर्लीच्या नाक्यावर गणराज दुकानाबाहेर आला. "काकू! चालवत आलात?"

"न्हाय, उडत आले. चाक बघ हिचं."

त्याने एका मोडक्या छोट्या सायकलीचं चाक काढून मला बसवलं, चाकाचा मधला कणा साफ केला, तेल दिलं. टिचकी मारून चाक फिरवलं. कुरकुरलं नाही. तोवर कमळ बाजारात हिंडून आली. बटाटे, मिरच्या, आरोहीला खारे दाणे. एस.टी. कधी आहे हे तिने कुणालाही विचारलं नाही.

परतताना खिंडीचा चढ तिने सायकल हातात धरून चढला. त्यात कमीपणा नाही, शहाणपण आहे. वाडीच्या वळणावर रामचंद्र उभा होता. एस.टी.तून तिला पाहिलेल्यांनी फोन करून त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने तिच्या कोपराकडे पाहिलं.

"किती वेळा पडलीस?"

"दोनदा."

"लागलं?"

"लागलं."

त्याने सायकल धरायला हात पुढे केला. कमळ म्हणाली, "र्‍हाऊ दे. मी येते चालवत." ती पुढे निघाली आणि तो मागून चालत आला. खळ्यात पोचल्यावर त्याने माझी दोरी सोडली, मला उतरवून उभं केलं आणि खालच्या मानेने म्हणाला, "उद्या जानार असशील तर माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्यात."

"चिठ्ठी द्या," कमळ म्हणाली.

आता मी वाडीच्या अंगणवाडीत असते. आरोहीने स्वतः मला तिथवर ढकलत नेलं. द्यायचं ठरवलं तिनेच, बाकीच्यांनी फक्त हो म्हटलं. कमळने मात्र बाईंना एक अट घातली. साहेब तपासणीला येणार म्हणून हिला पुसून कपाटात ठेवायची नाही. साहेबांनाही पोरं हिच्यावरून पडताना दिसू देत. अकरा मुलं आहेत. त्यातली चार पाय उचलतात, तीन धावतात, बाकीची चालतात, आणि सगळीच्या सगळी माझ्यासाठी भांडतात.

मित्रांनो, माझी विनंती थोडी आहे आणि ती मी हात जोडून करणार नाही, कारण मला हात नाहीत आणि हात जोडण्याचा माझा स्वभावही नाही. खेळून झालं की मला ओल्यात टाकू नका. आपल्या किनाऱ्याच्या हवेत मीठ आहे, ते लोखंड खातं. कोरड्या फडक्याने पुसा. महिन्यातून एकदा चाकाच्या कण्याला दोन थेंब तेल द्या. नट ढिला झाला तर मोठ्यांच्या मागे लागा आणि तो आवळून घेईपर्यंत त्यांना सोडू नका. आणि तुमचे पाय लांब झाले की मला अडगळीत ढकलू नका. शेजारीपाजारी बघा. ज्याचे तळवे माझ्यावर बसून जमिनीला लागतात, त्याच्याकडे मला स्वतः घेऊन जा.

एक मात्र करू नका. आठवण म्हणून मला माळ्यावर जपून ठेवू नका. माळ्यावरची सायकल काय आणि भंगारातली काय, चाकं दोघींची थांबलेलीच. माझा रंग उडू दे, सीट फाटू दे, चार ठिकाणी पोचे येऊ देत. मला झिजवा. तेवढंच मला जपणं.